संवाद कागदावर बरे वाटतात, तोंडानं म्हटले की भाषण होतंय. काय करू?

खानापूरकडचा
नमस्कार मंडळी. शॉर्ट फिल्मची पटकथा लिहूलोय, वीसेक मिनिटांची. गोष्ट आमच्याच भागातली, बेळगाव-खानापूरकडची, म्हणजे कर्नाटकातली. वडील वारलेत, जमीन अजून त्यांच्याच नावावर, पंचमीला थोरली बहीण माहेरी आलीय आणि धाकट्या भावाला तिची हक्कसोड पत्रावर (जमिनीतला आपला वाटा सोडला असं लिहून देण्याचा कागद) सही पाहिजे. एवढंच. मारामारी नाही, कोर्ट नाही. मेन सीन असा लिहिलाय:

बाळू : आक्का, तुला माहीतच आहे की बाबांना जाऊन तीन वर्षं झाली आणि जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे. उताऱ्यावर माझं नाव नसल्यामुळे बँक मला कर्ज देत नाही. म्हणून तू तुझा हक्क सोडावास अशी माझी विनंती आहे.
आक्का : मी या घरची लेक आहे. या मातीत मी वाढले. माझ्या हक्काची किंमत तू एका सहीत मोजतोस?

लिहिताना अंगावर काटा आला होता, मित्राला वाचून दाखवलो तर तो हसूलाय, म्हणतोय गावात असं कोण बोलतंय रे. सगळे सांगतात नॅचरल लिही. म्हणून घरातलं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलो आणि उतरवून काढलो, तर त्यात अर्धं 'बग की', 'होय की', मधेच टीव्ही, मधेच मांजराला हाकललंय, गोष्ट पुढं सरकतच नाही. मग नॅचरल म्हणजे नेमकं काय? आणि आपली बोली किती ठेवायची? पुण्याच्या माणसाला पण कळायला पाहिजे की.

टिळकवाडी_टॉकीज
मित्र बरोबर हसला. बाळूचं वाक्य बघ, त्यातली एक तरी गोष्ट आक्काला नवीन आहे का? बाप तिचा पण गेलाय. जमीन कुणाच्या नावावर आहे ते तिला बाळूपेक्षा जास्त माहीत असणार. म्हणजे बाळू तिच्याशी बोलतच नाहीये, तिच्या खांद्यावरून प्रेक्षकाला माहिती देतोय, आणि प्रेक्षकाला ते लगेच कळतं. माहिती द्यायचीच तर उतारा दाखव. देवघराच्या फळीवर घडी घालून ठेवलेला कागद, वर बापाचं नाव. काम झालं.

लिहायला बसण्याआधी एवढंच ठरव की या सीनमध्ये कुणाला काय पाहिजे. बाळूला सही पाहिजे, पण मागायची लाज वाटते. आक्का सही देणारच आहे असं मला वाटतं (तुझी गोष्ट आहे, तू ठरव), पण तिला बघायचंय की हा तोंड उघडून मागतो का. आता नियम लाव, सही, हक्क, जमीन यातलं काहीच कुणी बोलायचं नाही. मी घाईत एक करून बघितलं:

(स्वयंपाकघर. आक्का तंबिटाचे लाडू वळूलाय. बाळू दारात उभा.)
बाळू : कधी निघणार म्हणालीस?
आक्का : आत्ता तर आलोय की.
बाळू : तसं न्हवं. बुधवारी साहेब असतोय. सोमवारी नसतोय.
आक्का : लाडू खा.
बाळू : गाडी सांगितलोय. सकाळी गेलं की दुपारपर्यंत मोकळं.
आक्का : बाबांना दोन लागायचे. हात धू आणि खा.
वैनी (बाहेरून) : वन्सं, गूळ पुरला काय हो?
आक्का : पुरला ग. (बाळूला, लाडू वळत) येताना परत हितं आणणार, का स्टँडवरच सोडणार?

शेवटच्या वाक्यात तिनं सगळं ओळखलंय, आणि सही झाल्यावर हे माहेर राहणार का, हेही विचारून झालं. 'माझ्या हक्काची किंमत' हे तुझं वाक्य नट पाठ करून म्हणेल. याच्यात त्याला करायला काहीतरी मिळतं, लाडू घ्यायचा का नाही, हात धुवायला जायचं का नाही.

शहापूरचा नाटकवाला
टिळकवाडीकरांचा सीन झकास, पण एक गोष्ट टोचली. सगळंच आडून बोलायचं ही आता फॅशन झालीय. वीस मिनिटं सगळे लाडू आणि गाडीबद्दलच बोलूलेत म्हटल्यावर माणूस जांभया देतोय. मी जन्मभर यात्रेतली नाटकं आणि एकांकिका केलेला माणूस, थेट वाक्याची ताकद मला माहीत आहे. नाटकात शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत पोचवायचं असतंय म्हणून सगळं बोलून दाखवतोय आपण. सिनेमात कॅमेरा तिच्या बोटांजवळ जातोय, तिथं बोललं की दुप्पट होतंय. तरीपण एकदा, एकदाच, कुणीतरी उघड बोलावं. ते आक्कानं बोलू नये. बाळूच्या बायकोनं बोलावं, ती बाहेरून आलेली, तिला लाज धरायचं कारण नाही.

दुसरं. आपल्याकडं टायटलमध्ये कथा, पटकथा, संवाद अशी वेगवेगळी नावं येतात, त्यामुळं पोरांना वाटतंय संवाद म्हणजे शेवटी वरून घालायची फोडणी. सीनमध्ये खेच नसेल तर कितीही चांगलं वाक्य घाल, पडतंय. आधी संवाद न लिहिता सीन लिही, कोण कुठं उभा, कोण कशाला आला, कुणाचं काम अडलंय. मग जिथं बोलल्याशिवाय भागतच नाही तेवढंच लिही.

आणि रेकॉर्डिंग फेकून देऊ नको बाळा. त्यातले शब्द नको घेऊ, चाल घे. नीट ऐक, घरात प्रश्नाला सरळ उत्तर कुणीच देत नाही. 'जेवलास काय' म्हटलं की 'पाऊस बघ किती लागलाय' म्हणतोय. एकाचं संपायच्या आत दुसरा घुसतोय, आणि खरी गोष्ट उठून जाताना उंबऱ्यावर सांगतोय. हे तीन जरी उचललंस तरी ते मांजर सोडून दिलेलं चालतंय.

निपाणीहून
बोलीबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहूलोय. मी दोन-तीन फिल्मला असिस्टंट होतो, (होते नाही, होतो. आमच्याकडं बायका मी आलो, मी जातो असंच म्हणतात.) नेमकं हेच पुण्या-मुंबईचा कलाकार आला की बिघडतंय. स्क्रिप्टमध्ये 'आलो' लिहिलेलं असतंय, ती सेटवर 'आले' म्हणतेय, कुणाला तरी वाटतंय टायपिंगची चूक होती. म्हणून पहिल्याच पानावर लिहून ठेव की आक्का असंच बोलणार. बाकी पुण्याच्या माणसाची काळजी सोड. क्रियापदाची रूपं आणि हेल आपला ठेव, नुसते अवघड शब्द शोधून कोंबू नको, संदर्भावरनं सगळ्यांना कळतंय.

मोठी गोष्ट म्हणजे कन्नड. सही करायला ऑफिसात जायचा सीन येणारच, त्यात क्लार्क काय बोलणार? हक्कसोड नोंदवायला सब-रजिस्ट्रारकडं जायलाच लागतंय आणि कागद कन्नडात असणार. बाळू क्लार्कशी फाडफाड कन्नड बोलतोय, याक्री (का हो), इरलि बिड्री (असू दे हो), चहा सांगू काय. आणि आक्का? तिचं लग्न होऊन ती महाराष्ट्रात गडहिंग्लजकडं गेली असं धर. मराठी शाळेत शिकली तरी कन्नड विषय होताच, म्हणजे अक्षरं लागणार, कायद्याची भाषा लागणार नाही. तिला बोट ठेवून वाचू दे. बापाचं नाव येतंय तिथं बोट थांबतंय. तिथं संवाद लिहू नको, तिचं अडखळत वाचणं हाच संवाद.

लिहायची पद्धत सांगतो. कन्नड वाक्य देवनागरीतच लिही, जसं ऐकू येतंय तसं, खाली कंसात मराठी अर्थ. सबटायटल दोन ओळींत बसायला लागतंय म्हणून क्लार्कला लांब वाक्यं देऊ नको. आणि कन्नड तपासायला बेंगळूरचा माणूस धरू नको, आपल्या बाजूचा धर. इकडचं कन्नड वेगळं, तिकडचं ऐकून इथला माणूस थेटरातच हसतोय.

खानापूरकडचा
बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. निपाणीच्या ताई, ते बोट ठेवून वाचायचं मी घेतो, परवानगी असू दे. एक शंका राहिली. कुणीच काही बोललं नाही तर ज्याला हक्कसोड म्हणजे काय माहीत नाही त्याला कसं कळणार? त्याला वाटेल बहीण गाडीनं फिरायला निघाली.

टिळकवाडी_टॉकीज
वाटू दे की थोडा वेळ. दोन मिनिटं न कळणं आणि शेवटपर्यंत न कळणं यात फरक आहे. पहिल्यात माणूस पुढं सरकून बसतो. पण सीनमध्ये दाब कुठून येतो ते तुला स्वतःला पक्कं पाहिजे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा वाटा मुलाइतकाच आहे, म्हणजे बाळू तिला डावलून पुढं जाऊच शकत नाही. तो तिच्या दारात उभा आहे, ती त्याच्या दारात नाही, जरी ती पाहुणी असली तरी. हे डोक्यात ठेवून लिहिलंस की बाळूचं प्रत्येक वाक्य आपोआप थोडं वाकून येईल. आणि उघड सांगायचंच तर नाटकवाल्या काकांचं ऐक, वैनीला नळावर शेजारणीला सांगू दे, 'वन्सं सही देऊन गेल्या की बँकेचं होतंय बघ.' एकच वाक्य, आणि तेही घागर उचलता उचलता.

कंसातल्या सूचना मात्र कमी कर. (रागाने), (दुःखाने), (खिन्न हसत) असलं प्रत्येक ओळीत लिहायला लागूलं तर समज की ओळ कच्ची आहे.

शहापूरचा नाटकवाला
आणि वेळ लावून बघ. एक पान एक मिनिट म्हणतात ते इंग्रजी कुरियर बारा पॉइंटच्या पानाचं गणित, आपल्या देवनागरीला तसंच लागू पडेल असं धरू नको. दोघांना समोरासमोर बसवून मोठ्यानं वाचून घे, मोबाईलचं घड्याळ लाव, गप्प बसायच्या जागांवर खरंच गप्प बसा. जिथं वाचणाऱ्याचा श्वास तुटतोय तिथं वाक्य तोड.

'स्टँडवरच सोडणार' नंतर बाळूचं उत्तर लिहू नको, कितीही सुचलं तरी. शूट पंचमीच्या दिवसात असेल तर घर बघून घे. खानापूरचा श्रावणातला पाऊस पत्र्यावर पडायला लागला की सिंक साउंडमध्ये (शूट करतानाच आवाज घेतात त्यात) एक ओळ धड मिळत नाही, मग डबिंग, मग तोच नट स्टुडिओत उभं राहून वेगळंच बोलतोय.

खानापूरकडचा
मावशीचं कौलारू घर आहे, चूल पण आहे. विचारून बघतो. नवीन ड्राफ्ट झाला की इथंच टाकतो, क्लार्कचं कन्नड कोण तपासून देणार असेल तर आत्ताच सांगून ठेवा.