तालिका कपाट कुठं गेलं? (विद्यापीठ ग्रंथालयाच्या आठवणी)

जुनं_तिकीट

परवा लेकीच्या पीएचडी रजिस्ट्रेशनला तिच्यासोबत माझ्या जुन्या विद्यापीठात गेलो. पंचवीस वर्षांनी. (मोठी आहे ती, तुम्ही कशाला गेलात असं विचारू नका, तिनेही विचारून झालंय.) तिचा कागद कुठल्यातरी टेबलावर अडकला, म्हटलं तेवढ्यात लायब्ररीत डोकावून येऊ. दारात एका मुलाला विचारलं, लायब्ररी हीच ना? तो म्हणाला, "काका, अभ्यासिका मागच्या दाराने. पण आता जागा नाही मिळायची, सकाळी साडेसहाला नंबर लागतात." मी म्हटलं, पुस्तकं कुठे असतात? तो बिचारा जरा विचारात पडला. वर पाटी 'ज्ञानस्रोत केंद्र'.

आत जिन्याखाली आमचं तालिका कपाट, म्हणजे पुस्तकं शोधायच्या कार्डांचं कपाट! तेच सागवानी, पितळी कड्यांचं. एक खण ओढला तर आत चोक, तुटकं एक्स्टेन्शन बोर्ड आणि वायरमनचा जेवणाचा डबा. खणावरचं लेबल मात्र जसंच्या तसं, 'लेखक : गो ते घा'.

आम्हाला चार बीटी मिळायच्या, म्हणजे बरोअर तिकीट, पुठ्ठ्याचा छोटा खिसाच तो. पुस्तकातलं कार्ड त्या खिशात घालून ट्रेमध्ये तारखेच्या मागे उभं करायचे. पुस्तक परत नेलं की काउंटरवरचे मामा ट्रेवरून बोटं फिरवत दहा सेकंदांत तिकीट काढून द्यायचे. त्यातलं एक अजून माझ्याकडे आहे. मग नो ड्यूज कसं मिळालं हे मलाही कोडंच आहे.

तुमच्याकडे काय बदललं? माणसं, पुस्तकं, पद्धती, काहीही लिहा.

तांबडापांढरा

वायरमनचा डबा 😂😂 त्यात काय होतं बघितलं का?

पेन्सिलवाली

माझी आठवण ताजी आहे, कोविडची. मार्च २०२० मध्ये चार पुस्तकं घेऊन गावी गेले ती दीड वर्षाने परतले. काउंटरवर बारकोड मारला तर सॉफ्टवेअरने दंड काढला. चार पुस्तकं, रोजचे दोन रुपये, ५४७ दिवस, झाले ४,३७६. माझा चेहरा बघून खिडकीतल्या ताई म्हणाल्या, अगं रडू नकोस, सगळ्यांना माफ केलाय, मशीनला कोण सांगणार!

त्या ताई आता नाहीत. अकरा महिन्यांचं कंत्राट होतं, संपलं. नवीन मुलगा चांगला आहे पण त्याचंही संपेलच.

चतुःशृंगीकर

बीटी! काय शब्द आठवून दिलात राव. आम्ही जयकरला (पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मु. रा. जयकर यांच्या नावाचं ग्रंथालय, आता तेही जयकर ज्ञानस्रोत केंद्र) नुसतं बसायला जायचो. बाहेर झाडं, आत पंख्याचा आवाज. अभ्यास किती झाला ते विचारू नका. लग्न मात्र तिथेच जमलं.

जुनं_तिकीट

@तांबडापांढरा मेथीची भाजी. वास येत होता.

संत्रानगरी

आमच्याकडे नियतकालिक विभागात एक मामा होते. त्यांना बांधीव अंकांचे नंबर येत नव्हते, रंग येत होते. बाइंडर दर चार-पाच वर्षांनी कापड बदलायचा ना. तुम्ही म्हणा, अर्थशास्त्राचं अमुक जर्नल, १९७१. मामा म्हणणार, हिरव्या कापडात, खिडकीकडचं रॅक, वरून दुसरं. अन् तिथंच असायचं. रिटायर झाले तर त्यांना नारळ, शाल, भाषणं सगळं दिलं. कोणत्या वर्षाला कोणता रंग, हे कोणी लिहून घेतलंच नाही. मागच्या वर्षी गेलो तर तिथली पोरं मोबाइलचा टॉर्च लावून शोधून राह्यली होती. मी म्हटलं हिरवं बघा. सापडलं ना भाऊ! मला चहा पाजला त्यांनी.

ओव्हल_मैदान

मुंबईवाले कुणी? राजाबाई टॉवरची लायब्ररी. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले, टॉवरला आईचं नाव दिलं, १८७८ मध्ये पूर्ण झाला. आराखडा काढणारा गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही. मी लॉच्या परीक्षेला तिथे बसायचो. रंगीत काचांमधून दुपारी उजेड पुस्तकावर पडायचा, टॉर्ट्सचं पान कधी निळं कधी तांबडं. दर पंधरा मिनिटांनी घड्याळ टोले द्यायचं आणि माझं लक्ष उडायचं. २०१५ मध्ये डागडुजी पूर्ण झाली तेव्हा मुद्दाम गेलो, काचा धुतल्यावर एवढे रंग होते हे तेव्हा कळलं. आम्ही तीन वर्षं धुळीतून बघत होतो.

रानफूल७२

सगळे मामांचं कौतुक करताय म्हणून लिहिते. आमच्या वेळी पुस्तकांच्या रॅकपर्यंत विद्यार्थ्यांना जाऊच द्यायचे नाहीत. चिठ्ठीवर नंबर लिहून द्यायचा आणि बाकावर बसायचं. ओळखीच्या मुलाला पुस्तक मिळायचं, मला "बाहेर गेलंय". एकदा तेच पुस्तक मामांच्या मागच्या टेबलावर उशीसारखं ठेवलेलं पाहिलं. खरोखर उशी, वर टॉवेल. मी खेड्यातून आलेली, भांडायचं धाडस नव्हतं. आता माझा भाचा स्वतः रॅकमधून पुस्तक काढतो, मशीनवर ठेवतो, पावती घेतो, कुणाचं तोंड बघायला नको. मला तर हे जास्त आवडतं.

संत्रानगरी

ताई, हेही खरं. आमचे मामा तसे नव्हते पण दुसऱ्या पाळीचे होते ते तसेच.

दाखलनोंद

राहवत नाही म्हणून लिहितोय, काउंटरच्या आतल्या बाजूचा माणूस आहे. विद्यापीठ सांगत नाही.

पाटीवरचं नाव आमच्या हौसेने बदललेलं नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमातच ज्ञानस्रोत केंद्र म्हटलंय, ग्रंथपालाच्या जागी संचालक आले. पाटी बदलायला एक दिवस लागला. माझ्यासोबत लागलेल्यांपैकी जे निवृत्त झाले त्यांच्या जागा मात्र अजून तशाच रिकाम्या आहेत.

आता तालिका कपाटाचं. संगणकीकरण आलं तेव्हा जुन्या दाखल नोंदवहीतून (आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात लिहितात ती) सगळं टाइप करून घेतलं, बाहेरच्या माणसांकडून, पुस्तकामागे इतके पैसे या हिशेबाने. तेव्हाच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत टाकावी लागायची. आता 'ज्ञान' हा शब्द घ्या. एकाने डीएनवाय करून लिहिला, दुसऱ्याने जीवाय, तिसऱ्याने जेएन. विद्यार्थी शोधतो एका स्पेलिंगने, पुस्तक बसलंय दुसऱ्यात. संगणक म्हणतो नाही, पुस्तक रॅकमध्ये धूळ खातंय. पुढे २००९ ला इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राचं सोल २.० हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आलं, युनिकोडवालं, देवनागरीत नोंद करता येऊ लागली. पण जुन्या हजारो नोंदी कोण दुरुस्त करणार? मी फावल्या वेळात रोज दहा करतो. फावला वेळ म्हणजे लाइट गेल्यावर नाही, लाइट असताना रांग नसेल तर 🙂

कार्डं तोपर्यंत रद्दीत गेली होती. कार्डावर वर्गीकरण करणाऱ्याच्या हातची पेन्सिलची टिपणं असायची, 'हे पण पाहा' वगैरे. ती टाइप करा असं कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ती गेली.

शेंगदाणा_चटणी

डीएनवाय वाचून हसले. आमच्या ज्ञानेश्वरचं पासपोर्टवर एक, आधारवर दुसरं, दहावीच्या सर्टिफिकेटवर तिसरं स्पेलिंग आहे. ॲफिडेव्हिट करायला किती खर्च येतो हल्ली?

ओव्हल_मैदान

@शेंगदाणा_चटणी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सांगतो.

सरतेशेवटी

शोधगंगा (प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) कुणी काढली नाही अजून. २००९ च्या यूजीसी नियमानंतर प्रबंध ऑनलाइन टाकणं सक्तीचं झालं. आधी प्रबंध म्हणजे काळ्या रेक्झिनचं बाड, लायब्ररीच्या कुलूपबंद कपाटात. कुणी वाचणार नाही या भरवशावर आम्ही लिहायचो. माझा आता अख्ख्या जगाला दिसतो. ऋणनिर्देशात 'पत्नी' च्या जागी 'पत्री' छापलंय. चौदा वर्षं झाली, बायको पाहुण्यांना मोबाइलवर उघडून दाखवते.

ऐकणारा

मला दिसत नाही, हे मी बोलून टाइप करतोय, चुका पोटात घाला. एमएला असताना मित्र वाचून दाखवायचा, मी कॅसेटवर भरून घ्यायचो. त्याची परीक्षा आली की माझा अभ्यास बंद. आता स्क्रीन रीडर आहे, इंग्रजी पेपर घरी बसून ऐकतो, कुणाच्या उपकारात नाही. पण मराठी प्रबंध? बरेच जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेत. डोळसांना पडद्यावर नीट मराठी दिसतं. माझ्या कानात येतं, "डब्ल्यू, सेमीकोलन, कॅपिटल के, स्लॅश". तीनशे पानं! त्यात बाकीचे स्कॅन केलेले असतात, म्हणजे नुसते फोटो, तिथे स्क्रीन रीडर चिडीचूप. दाखलनोंद सर, प्रबंध जमा करून घेताना एवढं तपासता येईल का?

दाखलनोंद

सर, खरं सांगायचं तर हे आमच्या तपासणीत नाही. वाङ्मयचौर्य तपासतो, सीडी उघडते का बघतो, पीडीएफच्या फाइलींची नावं बघतो. मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवून बघायला अर्धं मिनिट लागेल. उद्यापासून माझ्या टेबलापुरतं करतो. तुमचा विषय काय? काही प्रबंध फॉन्ट बदलून पाठवता येतील.

ऐकणारा

लोकसाहित्य. ओव्या. खूप आभार.

रानफूल७२

माझ्याकडे सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केलेल्या आहेत, हव्या असतील तर कळवा दादा.

बर्फातला_बटाटेवडा

शिकागोहून. इथल्या विद्यापीठाच्या रेगेनस्टाइन ग्रंथालयात मराठी पुस्तकांची रॅकंच्या रॅकं आहेत. पहिल्यांदा गेले तेव्हा थंडीत दोन तास खाली बसून नुसते कणे वाचले. कारण ऐकून मजा वाटली. पीएल ४८० या अमेरिकी कायद्याखाली अमेरिकेने भारताला गहू दिला, त्याचे पैसे रुपयांत भारतातच साठले, त्यातून १९६२ पासून भारतातली पुस्तकं घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवायला लागले. म्हणजे गव्हाच्या बदल्यात दिवाळी अंक. आमच्या तालुक्याच्या कवीचा एक संग्रह तिथे आहे जो तालुक्याच्या वाचनालयात नाही. तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता, पहिला माझा.

तांबडापांढरा

आजी सांगायची, तो लाल गहू, चपाती चामड्यासारखी व्हायची. पुस्तकं त्यांना, चामडं आम्हाला 😂

बाकी आम्ही कोल्हापूरचे, शिवाजी विद्यापीठ, बॅ. खर्डेकर ग्रंथालय. मी 'कमवा आणि शिका'चा पोरगा. लायब्ररीत पुस्तकं पुसणं, लावणं हे काम मिळालं होतं. पुसता पुसता उघडून बघायचं आणि तिथंच अडकायचं. बीए शेतीच्या अर्थशास्त्रात करणार होतो, रॅक इतिहासाचं आलं वाट्याला, म्हणून आज इतिहासाचा मास्तर हाय. रॅक नंबर बदलला असता तर काय झालो असतो देव जाणे.

संशोधक_अर्धवट

कुणीतरी आत्ताचंही सांगा की. १ जानेवारी २०२५ पासून 'एक देश एक सदस्यता' आलीय. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स सरकारी संस्थांना एकत्र. जो पेपर मिळवायला मी पूर्वी लेखकाला ईमेल करून आठवडाभर वाट बघायचे तो आता बसमध्ये उघडतो. त्यासाठी लायब्ररीत पाय ठेवायची गरज नाही. मात्र माझा विषय आहे १९३०च्या दशकातली मराठी मासिकं. त्या तेरा हजारांत माझ्या कामाचं एकही नाही. ती आमच्याकडे 'जीर्ण' म्हणून गोदामात हलवली आहेत, आणि गोदामाची किल्ली ज्यांच्याकडे ते गुरुवारी येतात. फक्त गुरुवारी.

चतुःशृंगीकर

गुरुवार का? दत्ताचा वार म्हणून?

संशोधक_अर्धवट

बाकी दिवस ते परीक्षा विभागात असतात. एकाच माणसाला तीन खाती.

संत्रानगरी

कोणत्या रंगाच्या कापडात बांधलेत ते पाह्यलं का?

संशोधक_अर्धवट

बांधलेलेच नाहीत हो दादा, सुतळीने गठ्ठे केलेत. गाठ मारायला गेलं की कागदाचा चुरा हातात येतो. मी मास्क लावून फोटो काढते, तासाला साठ-सत्तर पानं होतात. आत्तापर्यंत दीड वर्षाचे अंक झालेत.

दाखलनोंद

ताई, सुतळी सोडू नका, कात्रीने कापा. ओढली की कडा तुटते. आणि नंतर पांढऱ्या सुती नाडीने सैल बांधा, परकराची नाडी चालते.

शेंगदाणा_चटणी

परकराची नाडी मंडईत मीटरवर मिळते, पाकिटातली घेऊ नका, महाग पडते.

जुनं_तिकीट

मी पुढच्या आठवड्यात परत जातोय, लेकीचा कागद अजून अडकलेला आहे. वायरमनला विचारून तो 'गो ते घा' चा खण निर्लेखनात (जुनं सामान मोडीत काढतात त्यात) मिळतो का बघतो. कुणी घेतलाय का असा? अर्ज कुणाच्या नावे करायचा?

दाखलनोंद

खण एकटा मिळणार नाही, अख्खं कपाट घ्यावं लागेल. साठ खण. घरी जागा आहे का?

जुनं_तिकीट

बायकोला विचारून सांगतो.