४० तासांचा आकडा आला कुठून?
ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांना बोलणं-वागणं शिकवणाऱ्या थेरपीबद्दल "आठवड्याला ४० तास थेरपी नसेल तर उपयोग शून्य" असं कुणीतरी ठणकावून लिहिलंय, म्हणून थोडी भर घालतो.

हा आकडा मुख्यतः मानसशास्त्रज्ञ इवार लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासातून रूढ झाला. आठवड्याला ४० तास थेरपी मिळालेल्या गटात मुलं होती फक्त १९. त्यातली ९ नेहमीच्या वर्गात रुळली, त्याचा गाजावाजा झाला. पण कुणाला जास्त तास, कुणाला कमी, हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते (त्यामुळे तुलना पक्की म्हणता येत नाही), आणि जोरात 'नाही' म्हणणं, मांडीवर चापट मारणं हेही त्या पद्धतीत होतं (हे सांगायला लोक सोयीस्कर विसरतात).

२०२४ मध्ये 'जामा पीडिॲट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात १४४ अभ्यासांचं, ९ हजारांवर मुलांचं एकत्रित विश्लेषण आलं. तास वाढवले की फायदा वाढतो, याला त्यात भक्कम पुरावा मिळाला नाही.

म्हणून थेरपीच मोडीत काढा, असं म्हणत नाही हां. आरडाओरडा ही बरेचदा मागणीच असते. ती खुणेने किंवा शब्दाने मागायला शिकवली की त्रासदायक वागणं कमी होतं, हे कार आणि ड्युरँड या संशोधकांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे थेरपिस्टला तासांआधी ध्येयं विचारा. 'नजरेला नजर देणं' पहिल्या क्रमांकावर असेल, तर ते कुणाच्या सोयीसाठी, हेही.