तूर १९८९: ८ सेकंद लेमंडची की हँडलची?

घाटवाला:
२३ जुलै १९८९. तूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा शेवटचा दिवस, व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किमीची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायचा टप्पा. सकाळी एकूण वेळेत लॉराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता, संध्याकाळी ग्रेग लेमंड ८ सेकंदांनी जिंकला. ३,२८५ किमी चालवून ८ सेकंद! पुरुषांच्या तूरमध्ये एवढा कमी फरक कधीच पडलेला नाही.

माझ्या मते ती तूर हँडलने जिंकली. लेमंडकडे ट्रायथलॉनवाल्यांचं हँडल होतं, कोपरं टेकवून हात पुढे जवळ घ्यायचं. डोक्यावर निमुळतं हेल्मेट. फिन्यों जुन्या पद्धतीच्या हँडलवर, उघड्या डोक्याने, पोनीटेल वाऱ्यावर. ताशी पन्नासच्या वर गेलं की बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. त्या दिवशी दोघांत ५८ सेकंदांचा फरक पडला. त्यातले ८ तरी हँडलचे धराल की नाही?

दुसरा गिअर:
अजिबात सहमत नाही. पाचव्याच टप्प्यात, दिनार ते रेन ७३ किमी, लेमंड तेच हँडल लावून जिंकला होता आणि पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिला असणाऱ्याची, घेऊन गेला होता. पुढे दोन आठवड्यांहून जास्त वेळ फिन्योंच्या संघाच्या हातात होता. बघूनही लावलं नाही, त्याला लेमंड काय करणार?

आणि माणूस कोण होता ते बघा. एप्रिल १९८७ मध्ये शिकारीत चुकून गोळी लागली, बरेच छर्रे अंगातच राहिले, काही तर हृदयाच्या आवरणात. त्या दिवशी त्याने वाटेत वेळेचा फरक सांगूच नका म्हणून बजावलं होतं. सरासरी ताशी ५४.५ किमी! हँडल पेडल मारत नाही.

सायकलवाली:
फिन्योंच्या गळवाचं कुणीच बोलत नाही? बसायच्या जागी, शेवटच्या काही दिवसांत झालेलं. २०० किमीच्या एका ब्रेव्हेत (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) मला साधं सोलवटलं होतं, तर शेवटचा तास मी सीटवर धड टेकले नाही. तो तशा अवस्थेत त्या टप्प्यात तिसरा आला, हे मला थोर वाटतं.

शिवाय ८ सेकंद कुठेही सापडतील. आदल्या वर्षीचा विजेता पेद्रो देल्गादो लक्झेंबर्गला सुरुवातीलाच २ मिनिटं ४० सेकंद उशिरा पोचला आणि एकूण तिसरा आला, ३:३४ मागे.

घाटवाला:
गळवाचं मान्य, मी ते धरायला हवं होतं. पण १९८३ आणि १९८४ ची तूर, शिवाय त्याच १९८९ ची जिरो (इटलीची तशीच मोठी शर्यत) जिंकलेल्या माणसाला २०१० मध्ये गेला तेव्हाही लोकांनी ८ सेकंदांनीच ओळखलं, हे मला फार लागतं. साध्या हँडलवर दोघं समोरासमोर आले असते तर?

दुसरा गिअर:
आले होते. महिनाभरानंतर शांबेरीला, जागतिक स्पर्धेत. पावसात, साध्या हँडलवर. फिन्यों शेवटच्या फेरीत निसटायला बघत होता, लेमंडने त्याला गाठलं आणि स्प्रिंटमध्ये स्पर्धा जिंकली. फिन्यों सहावा.