इसार घेतल्यावरही घर दाखवत राहावं का?

उंबरठा :
घर विकायला काढल्यावर गिऱ्हाईक मिळणं एकवेळ सोपं, पण शब्दाला जागणारं मिळणं अवघड. "घर पसंत आहे, आमचंच समजा" म्हणत नाममात्र इसार, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, ठेवून माणूस महिना-दीड महिना झुलवतो आणि मग फोन उचलेनासा होतो. तोवर रांगेतले दोघं-तिघं दुसरीकडे घर घेऊन मोकळे झालेले असतात.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की साठेखतावर, म्हणजे पुढे विक्री करण्याच्या लेखी करारावर, सह्या होऊन पहिला हप्ता खात्यात जमा होईपर्यंत घर दाखवणं थांबवू नये. किमतीच्या १ टक्काही नसलेला इसार गिऱ्हाइकाला बांधत नाही, बांधला जातो तो विकणारा. गिऱ्हाइकाला तसंच घर २ टक्के स्वस्त मिळालं, तर इसारावर पाणी सोडूनही तो फायद्यातच राहतो. शिवाय उतरवलेली जाहिरात महिनाभराने परत लावली की पहिला प्रश्न येतो, "आधीचा व्यवहार का फिसकटला?" घरात काहीही खोट नसली तरी तिथून घासाघीस वाढते.

कागदपत्री :
साफ असहमत. प्रामाणिक गिऱ्हाईक इसारानंतर लगेच खर्चात पडतं. वकिलाकडून मालकीची कागदपत्रं तपासून घेणं, बांधकामाची पाहणी, कर्जाचं प्रक्रिया शुल्क, हे पैसे व्यवहार मोडला तर परत मिळत नाहीत. दर रविवारी दारात नवी माणसं दिसली, तर तो हा खर्च का करेल? तो हात आखडता घेतो, कामं लांबतात, आणि आपण म्हणतो की गिऱ्हाईक बेभरवशाचं निघालं.

थांबावं, पण मुदतीने. इसारपावतीवरच तारखा घाला : ३ दिवसांत कर्जाचा अर्ज दाखल झाल्याची पोच, ७ दिवसांत घराची पाहणी, २१ दिवसांत साठेखत. यातली एक तारीख चुकली की विकणाऱ्याला घर पुन्हा दाखवायची मोकळीक. आपणही पहिल्याच दिवशी मालकीच्या कागदांचा पूर्ण संच द्यायला हवा. निम्मे व्यवहार लांबतात ते गिऱ्हाइकामुळेच असं नाही, विकणाऱ्याच्या कपाटात न सापडणाऱ्या एका जुन्या कागदानेही घोडं अडतं.

उंबरठा :
तारखा लिहिणं सोपं आहे. तिसऱ्या दिवशी "बँकेतले अधिकारी रजेवर आहेत" असं उत्तर आलं की काय करणार? पुढची तारीख देणार, आणि ती दिली की पहिल्या तारखेला अर्थच उरत नाही.

कागदपत्री :
मुदतवाढ एकदाच, लेखी, आणि इसारात भर घालूनच. जो खरंच घेणार आहे त्याला रक्कम वाढवायला जड जात नाही, कारण ती शेवटी किमतीतच वळती होते. जो नुसता वेळ काढतोय तो नेमका इथेच गळतो.

हिशेबवही :
तुम्ही दोघं इसारानंतरचं भांडताय, पण चाळणी त्याआधी लावायची असते. एकच प्रश्न नीट विचारा : पैसे कुठून येणार? साठवलेले किती, कर्ज किती आणि दुसरं काही विकून येणारे किती. तिन्हींचे धोके निराळे.

कर्जाचं 'तत्त्वतः मंजुरी'चं पत्र दाखवलं तर खूश होऊ नका. त्यात साधारण गिऱ्हाइकाचं उत्पन्न आणि आधीची कर्जं पाहिलेली असतात. घराची कागदपत्रं आणि मूल्यांकन नंतर होतं, आणि बरेच व्यवहार तिथे अडकतात. समजा किंमत १०० ठरली आणि बँक ८० टक्के कर्ज देते. गिऱ्हाईक स्वतःजवळचे २० धरून निर्धास्त आहे. मूल्यांकन ९० आलं, तर कर्ज ९० च्या ८० टक्के, म्हणजे ७२ मिळेल. आता त्याला २८ उभे करायचे आहेत. हे ८ कुठून आणणार, हे पसंतीच्या दिवशीच विचारलं असतं तर पुढचे दोन महिने वाचले असते. असा माणूस फसवा नसतो, त्याचा हिशेब कच्चा असतो. पण आपलं नुकसान तेवढंच होतं.

दुसरी चाळणी म्हणजे निर्णय कोणाचा? कर्जावर आणि खरेदीखतावर (मालकी देणाऱ्या अंतिम दस्तावर) ज्यांच्या सह्या होणार, त्या सगळ्यांनी प्रत्यक्ष घर पाहिल्याशिवाय भाव बोलायलाच बसू नये. "आई-वडील पुढच्या आठवड्यात पाहतील" म्हणणाऱ्याशी ठरलेली किंमत पुढच्या आठवड्यात नव्याने ठरवावी लागते.

दोन पायऱ्या :
चाळणी बरोबर, वेळ चुकते. पहिल्याच भेटीत उंबऱ्यावर पैशाची चौकशी केली तर चांगलं गिऱ्हाईकही दुखावतं. पहिल्या भेटीत घर पाहू द्या, प्रश्न दुसऱ्या भेटीत. जो दुसऱ्यांदा वेळ काढून येतो तो उत्तरं देतो.

आणि ज्याचं स्वतःचं घर विकायचं बाकी आहे, त्याला सरळ नकार द्यावा. त्याचं गिऱ्हाईकही कुणाच्या तरी घरविक्रीवर अवलंबून असू शकतं. साखळीतली एक कडी तुटली की सगळे लटकतात.

हिशेबवही :
सरसकट नकार नको. मोठं घर घेणारे बहुतेक जण आधीचं घर विकूनच येतात. त्यांना वगळलं तर उरतं कोण? त्यांच्यासाठी वेगळी अट घाला : त्यांचं घर विकलं जाईपर्यंत आपण दाखवत राहणार, दुसऱ्याची पक्की लेखी बोली आली तर त्यांना ७२ तास द्यायचे. तेवढ्यात त्यांनी स्वतःचं घर विकलं जाण्याची अट सोडून पैशाचा पुरावा द्यावा, नाहीतर इसार परत घेऊन बाजूला व्हावं. इथे उंबरठा यांचं म्हणणं लागू पडतं. रोख आणि मंजूर कर्जावर येणाऱ्याच्या बाबतीत मात्र कागदपत्री यांचं.

भिंतीची ओल :
शेवटच्या क्षणी भाव पाडणाऱ्यांबद्दल कोणी बोललं नाही. सह्यांच्या आदल्या दिवशी "पाहणीत ओल निघाली, ५ टक्के कमी करा" असा निरोप येतो. यावर उपाय एकच, घर विकायला काढायच्या आधी आपणच पाहणी करून घ्यायची. गळती, वायरिंग, वाळवी, नळाचा दाब, जे दोष असतील ते दुरुस्तीच्या अंदाजपत्रकासह लेखी द्यायचे आणि पोच घ्यायची. मग बोली दोष धरूनच येते. त्यानंतरही कपात मागितली, तर अहवालातलं नेमकं पान आणि दोन कारागिरांचे अंदाज मागा. पोच दिलेल्या यादीत जे आहे त्यासाठी एक पैसाही सोडू नये. जे खरोखर नवं निघालं, त्याचा दुरुस्तीखर्च तेवढा वजा करावा. विनाकारण भाव पाडणाऱ्याला दार दाखवा.

हिशेबवही :
राग बाजूला ठेवून आकडे मांडा. रिकाम्या घराचं दरमहा कर्जाचं व्याज, देखभाल आणि कर मिळून समजा किमतीच्या ०.८ टक्के जात असतील. नवं गिऱ्हाईक मिळून सह्या होईपर्यंत ४ महिने लागणार असतील, तर ३.२ टक्के गेले. कपात २ टक्क्यांची असेल तर देणं स्वस्त पडतं. पण त्याच दिवशी सह्या आणि पैसे, या अटीवर. उद्यावर गेलं की कपात रद्द.

भिंतीची ओल :
तुमच्या हिशेबात एक गोष्ट नाही. एकदा झुकलात की खरेदीखताच्या दिवशी तोच माणूस पुन्हा मागतो, आणि तेव्हा सामान बांधलेलं असतं, पुढच्या घराचे पैसे गुंतलेले असतात. किंमत तुमचं आकडेमोडीचं वेळापत्रक पाहून ठरत नाही, समोरच्याला तुमची निकड किती दिसते त्यावर ठरते. म्हणून आपली घाई, बदलीची तारीख, दुसऱ्या घराचा हप्ता यातलं काहीही गिऱ्हाइकासमोर बोलू नये.

कागदपत्री :
उंबरठा यांना एक धोका दाखवायचा राहिला. घर दाखवत राहणं वेगळं आणि दुसऱ्याकडून पैसे घेणं वेगळं. पहिला व्यवहार लेखी रद्द न करता दुसऱ्याचा इसार घेतला, तर पहिला गिऱ्हाईक करार पुरा करून मागायला न्यायालयात जाऊ शकतो, आणि दावा चालू असलेल्या घराला तिसरा कोणी हात लावत नाही. "इसार बुडाला, विषय संपला" हा समज चुकीचा. इसार ठेवून घेता येतो का, किती, हे जागोजागच्या कायद्यावर आणि पावतीतल्या शब्दांवर अवलंबून असतं. कर्ज मिळालं तरच व्यवहार, अशी अट असेल आणि कर्ज नाकारलं गेलं, तर पैसे परत द्यावेच लागतात. त्यासाठी कर्जाच्या अटीतही तारीख हवी आणि बँकेचं नकाराचं पत्र हवं. नुसतं तोंडी "नाही झालं" चालणार नाही. व्यवहार मोडला तर दोघांच्या सह्यांचं रद्दपत्र करा, परत दिलेली रक्कम खात्यातूनच द्या आणि दिलेल्या कागदांच्या प्रती परत घ्या.

उंबरठा :
हे मान्य. दुसऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. पण त्याचं नाव, त्याची बोली आणि "पहिला व्यवहार रद्द झाल्यास तुम्हाला ५ दिवस प्राधान्य" एवढं लेखी ठेवायला हरकत नसावी. पहिल्यालाही हे सांगून टाकावं. लपवलं तर तुमचा मुद्दा खरा ठरतो, उघड सांगितलं तर तारखा आपोआप पाळल्या जातात. मुदतीचा थांबा मी फक्त त्याला देईन, ज्याच्या कर्जात आपल्या घराचं मूल्यांकन झालेलं आहे.

कागदपत्री :
मूल्यांकनासाठीच तर त्याला तो थांबा लागतो. तुम्ही गाडी बैलांच्या पुढे जुंपताय.

दोन पायऱ्या :
यात किल्लीचं राहिलंच. पूर्ण पैसे जमा व्हायच्या आधी "रंगकाम सुरू करतो", "थोडं सामान ठेवतो" म्हणून किल्ली मागतात. देऊ नका. आत सामान ठेवलेल्या माणसाला व्यवहार मोडल्यावर बाहेर काढणं हा वेगळाच खटला होऊन बसतो, शिवाय फोडलेली भिंत आपल्या पदरात. मापं घ्यायची असतील तर ठरवून तासभर, आपण हजर असताना. ताब्याच्या दिवशी आधी खात्यात रक्कम पाहायची, मग वीज-पाण्याच्या मीटरचे आकडे ताबापावतीवर लिहून दोघांनी सही करायची, आणि किल्ल्यांचे सगळे जुडगे त्यानंतर.