चयापचयाचे आनुवंशिक आजार: मुलांना अँटिऑक्सिडंट गोळ्या द्याव्यात का?

मृदगंध:
माझ्या भाच्याला फेनिलकीटोन्यूरिया आहे. प्रथिनांतलं फेनिलअ‍ॅलनिन त्याच्या शरीराला नीट पचवता येत नाही. त्यामुळे दूध, डाळ, पनीर बंद. भातसुद्धा वजनकाट्यावर मोजून आणि जोडीला खास फॉर्म्युला. परवा नात्यातल्या एकांनी "पेशींचं नुकसान थांबतं" म्हणून सी आणि ई जीवनसत्त्वाच्या चघळायच्या अँटिऑक्सिडंट गोळ्या आणल्या. बहिणीने डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचली, तर घटकांत अ‍ॅस्पार्टेम! पोटात गेल्यावर या कृत्रिम गोडीतून फेनिलअ‍ॅलनिनच सुटतं. घरात जे ग्रॅमवर मोजतो, तेच गोळीतून द्यायचं?
माझं स्पष्ट मत: या मुलांना अँटिऑक्सिडंट म्हणून काहीही देऊ नये.

रानजाई:
"काहीही देऊ नये" हे मला अजिबात पटलं नाही. माझ्या मुलीला मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागांचा, आजार आहे. पेशींना ऊर्जा बनवायला मदत व्हावी म्हणून कोक्यूटेन, रायबोफ्लेविन (बी२ जीवनसत्त्व), कार्निटीन, ई जीवनसत्त्व हे सगळं आमच्या डॉक्टरांनीच लिहून दिलंय. पुरावा मागणाऱ्यांना माझा प्रश्न आहे, इतक्या दुर्मिळ आजारात शेकडो मुलं गोळा करून चाचणी कोण घेणार? तोवर आम्ही हातावर हात धरून बसायचं का? तिला ताप आला की आठवडाभर मान धरत नाही. अशा वेळी थोडी जरी आशा असेल तर मी ती गोळी देणारच.

औषधवाला_दादा:
ताई, तुमची तळमळ कळते, पण दुर्मिळ आजारात चाचण्या होतच नाहीत असं नाही. फ्रीड्रिक अटॅक्सिया या चालण्याचा तोल बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजारात इडेबेनोन हे कोक्यूटेनच्या जातकुळीतलं औषध. कॅनडाने २००८ मध्ये त्याला सशर्त मान्यता दिली. पुढच्या चाचण्यांत फायदा दिसेना, म्हणून २०१३ मध्ये ते तिथून मागे घेतलं. मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांवरच्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यातही (त्यात झालेल्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासतात) कुठल्याच उपचाराचा ठोस फायदा सिद्ध झाला नव्हता.
आणि मृदगंध, तुमचंही टोकाचं आहे. बायोटिन हे जीवनसत्त्व पुन्हा वापरता यावं म्हणून लागणाऱ्या बायोटिनिडेज या एंझाइमची कमतरता असलेल्या बाळाला रोज ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन जन्मभर लागतं. एका आनुवंशिक अटॅक्सियात ई जीवनसत्त्व पेशींपर्यंत पोचतच नाही, तिथे त्याचा मोठा डोस हाच उपचार. आजाराचं नेमकं नाव कळल्याशिवाय हो किंवा नाही म्हणताच येत नाही.

रानजाई:
मग तेच इडेबेनोन लेबर आजारात, म्हणजे डोळ्याची नस अचानक निकामी होते त्यात, युरोपने २०१५ मध्ये मान्य केलं, तेही सांगा की! एका आजारात हरलेलं औषध दुसऱ्यात चाललं. म्हणून तर मी दार बंद करायला तयार नाही.

मृदगंध:
ते मान्य. बायोटिनचंही मान्य, पण ते नेमक्या कमतरतेवरचं औषध आहे. माझा राग आहे तो "घ्या, अपाय तर नाही ना" या वाक्यावर. अपाय आहे! ई जास्त झालं तर रक्त गोठण्यात अडथळा येतो. सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांत फार अंतर नसतं. जी६पीडी हे तांबड्या पेशींना जपणारं एंझाइम कमी असलेल्या मुलाला सी चा मोठा डोस, विशेषतः शिरेतून दिला, तर तांबड्या पेशी फुटतात.

औषधवाला_दादा:
आणि गोडवा विसरू नका. फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, जन्मतःच न सोसणाऱ्या मुलांना साखर किंवा सॉर्बिटॉल (शरीरात त्याचंही फ्रुक्टोज होतं) घातलेलं सिरप घातक ठरू शकतं. काउंटरवर "लहान मुलांचं टॉनिक द्या" म्हणणाऱ्यांना मी आधी आजार विचारतो. कित्येकांना राग येतो, तरी विचारतो.

रानजाई:
दादा, मग आमच्या यादीतलं काय ठेवू, काय काढू?

औषधवाला_दादा:
कार्निटीन परस्पर थांबवू नका, रक्तात ते कमी असेल म्हणूनही दिलेलं असू शकतं. बाकीच्यांतलं प्रत्येक कशासाठी दिलंय आणि उपयोग होतोय हे कशावरून ठरवणार, एवढं डॉक्टरांना विचारा. बदल करायचा ठरलाच तर एका वेळी एकच, मुलगी बरी असताना, आणि त्यांच्या नजरेखाली.