गाईंच्या अंगावर झेब्र्याचे पट्टे: हसण्यावारी न्यावे की करून पाहावे?

धरमपेठकर
जपानी संशोधकांनी काळ्या गाईंच्या अंगावर पांढरे पट्टे रंगवले, तेव्हा त्यांच्यावर बसणाऱ्या चावऱ्या माश्या जवळजवळ निम्म्याने घटल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाला २०२५ चे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक मिळाले. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवणाऱ्या विदर्भाने तरी याला हसू नये. पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपुरातच असताना हा प्रयोग आपल्या गोठ्यांत व्हायलाच हवा, असे माझे मत आहे. जनावरांच्या अंगावर गाठी आणणारा लम्पी रोग चावणाऱ्या कीटकांमुळे पसरतो आणि २०२२ चा उद्रेक आपण विसरलेलो नाही.

काटोलचा कास्तकार
मी असहमत आहे. प्रयोगात गाई होत्या सहा, त्याही काळ्या. आमची गवळाऊ जातीची गाय पांढरी. शिवाय गोचीड पट्टे पाहून माघारी फिरत नाही. विद्यापीठाकडे पैसा असेल, तर तो लस वेळेवर गावात पोहोचवण्यासाठी खर्च व्हावा.

गोठ्यातला डॉक्टर
गोचिडांबाबत आपले म्हणणे मान्य. मात्र प्रयोग आपण समजता तितका भाबडा नव्हता. त्याच गाईंना एकदा केवळ काळ्या रंगाचे पट्टे दिले असता माश्यांमध्ये तशी घट दिसली नाही, म्हणजे परिणाम रंगाच्या वासाचा नसून काळ्या-पांढऱ्या नक्षीचा होता. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये घोड्यांना पट्टेरी झुली घालून केलेल्या अभ्यासात असे आढळले, की गोमाश्या जवळ तितक्याच येतात, परंतु पट्ट्यांवर त्यांना नीट उतरता येत नाही. उघड्या राहिलेल्या डोक्यावर मात्र त्या पूर्वीइतक्याच बसल्या. रंग दोन-चार दिवसांत उडतो, हा आक्षेप कोणी घेण्याआधीच सांगतो: झूल आपल्याला नवी नाही, आणि लसीकरणाचे पैसे न वळवताही इतका साधा प्रयोग होऊ शकतो.

काटोलचा कास्तकार
डॉक्टरसाहेब, नागपूरच्या मे महिन्यात जनावराला झूल घालणार का? आणि गोठ्यातली चावरी माशी बसते ती प्रामुख्याने पायांवर, जेथे झूल पोहोचतच नाही.

धरमपेठकर
मग पायांवरच काळे पट्टे द्यावेत, तेही माश्यांचा खरा जोर असलेल्या पावसाळ्यात, आणि निम्मी गवळाऊ जनावरे तुलनेसाठी तशीच ठेवावीत.

काटोलचा कास्तकार
पावसात टिकणारा आणि जनावराने चाटला तरी अपाय न करणारा रंग आधी दाखवा. माझ्या दोन गाई मी स्वतः आणून उभ्या करतो.