मदत हवी आहे: परसातले पाणी काढण्यासाठी चार इंची पाइप घ्यावा की सहा इंची?

परसदार
नमस्कार. मृग लागायला जेमतेम पंधरा दिवस उरले आहेत आणि गवंडी परवापासून येतो म्हणाला आहे, म्हणून थेट विचारते. घरामागच्या परसात दर पावसाळ्यात घोटाभर पाणी साचते. ते जमिनीखालून पाइपने रस्त्याकडच्या गटारात सोडायचे आहे. अंतर साठ फूट. एका दुकानदाराने चार इंची एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पीव्हीसी) पाइप दाखवला, दुसऱ्याने सहा इंची काळा पन्हळी पाइप दाखवला आणि तिसरा शेतीचा पाइप स्वस्तात देतो म्हणाला. यांपैकी कोणता घ्यावा, एवढेच कृपया सांगावे.

ओळंबा
आपल्या प्रश्नात पाइप निवडण्यासाठी लागणारी एकही गोष्ट दिलेली नाही. छपराचे किती पाणी परसात उतरते? परस मातीचे आहे की फरशीचे? साठ फुटांत प्रत्यक्ष उतार किती मिळतो? पाइपवरून काय जाते? न्हाणीघराचे किंवा स्वयंपाकघराचे पाणी त्यात सोडणार आहात का? आणि ज्या गटारात पाणी सोडायचे ते गटार भर पावसात किती भरते? हे कळल्याशिवाय चार किंवा सहा सांगणे म्हणजे चिठ्ठी काढण्यासारखे आहे.

हार्डवेअरवाला
इतका खोलात जाण्याचे कारण नाही. माझे म्हापशाकडे दुकान आहे आणि घरगुती परसासाठी मी वर्षानुवर्षे ११० मिलिमीटरचाच, म्हणजे चार इंची, पाइप देत आलो आहे. मात्र ताईंनी टाइप ‘ए’ घेऊ नये, टाइप ‘बी’ मागावा. चार इंचीत ‘ए’ची भिंत २.२ मिलिमीटर आणि ‘बी’ची ३.२ मिलिमीटर असते. ‘ए’ हा छपरावरून भिंतीलगत उतरणाऱ्या पावसाच्या पाण्यासाठी किंवा हवेच्या नळीसाठी असतो. पाइपवर आयएस १३५९२ हा भारतीय मानकाचा आकडा आणि टाइप दोन्ही छापलेले असतात, ते वाचूनच पैसे द्यावेत.

जुना_चिरा
आपल्याकडच्या पावसाला पाइप हा उपायच नव्हे. चिऱ्यांचे फूटभर रुंद उघडे गटार बांधा, आतून सिमेंटचा गिलावा करा आणि वर सुटी झाकणे ठेवा. फणसाची आणि आंब्याची पाने अडकली तर झाकण उचलून फावड्याने काढता येतात. जमिनीत पुरलेला पाइप तुंबला की चतुर्थीच्या तोंडावर अंगण खोदण्याची पाळी येते. आमच्या आजोबांनी बांधलेले गटार अजून वाहते आहे.

कुळागर
सर्वांचे वाचले. माझे मत असे की पाणी गटारात घालवणेच चुकीचे आहे. छपराचे पाणी पन्हळीतून आणून, वाळू आणि खडीच्या गाळणीतून विहिरीत सोडावे. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या विहिरी तळ गाठतात आणि पावसाळ्यात तेच पाणी आपण रस्त्यावर सोडतो. गाळणीची टाकी कशी बांधायची ते मी सविस्तर लिहू शकतो.

परसदार
विहिरीविषयी मी विचारलेले नाही. जुलैत आमच्या विहिरीचे पाणी हाताला लागेल इतके वर असते, त्यात आणखी पाणी कुठे घालू? ओळंबा यांच्या प्रश्नांची उत्तरे देते. मागच्या बाजूचे कौलारू छप्पर आणि लगतची पत्र्याची पडवी मिळून साधारण १०० चौरस मीटर होते. परसात ९० चौरस मीटर फरशी आहे, बाकीची माती पलीकडे बागेच्या बाजूला उतरते. न्हाणीघराचे पाणी वेगळे आहे, ते सेप्टिक टँककडे जाते. उतार आहे, डोळ्यांना दिसतो. वरून काही जात नाही, फक्त गेट आहे. आता सांगा.

ओळंबा
डोळ्यांना दिसणारा उतार हा बहुधा फरशीचा असतो, तो पाइपला मिळेलच असे नाही. गवंड्याकडे पाण्याची पारदर्शक लेव्हल नळी असते. तिचे एक टोक परसात आणि दुसरे गटारापाशी धरून दोन्हीकडची उंची मोजून घ्या. पाइपचे तोंड गटाराच्या तळाला टेकवू नका, निदान सहा इंच वर ठेवून मग उरलेला उतार सांगा. ‘फक्त गेट’ हे उत्तर मला पटले नाही. गेटातून माणसे जातात की वाहने?

परसदार
काल संध्याकाळी मोजले. आपण म्हणता तसे तोंड सहा इंच वर ठेवले तर साठ फुटांत चारच इंच उतार मिळतो. मला फूटभर तरी असेल असे वाटत होते. गेटातून नारळ न्यायला पिकअप येते आणि मे महिन्यात कधी पाण्याचा टँकर. तिथे पाइपवर फार तर नऊ इंच माती राहील. गेल्या वर्षी एकाने बसवून दिलेला पातळ पाइप त्याच जागी चपटा झाला. हे आधी लिहायला हवे होते हे खरे.

ओळंबा
म्हणजे हा आपला दुसरा प्रयत्न आहे! आता हिशेब करता येतो. ताशी १०० मिलिमीटरची जोराची सर धरली तर एका चौरस मीटरवर तासाला १०० लिटर पाणी पडते. आपल्या १९० चौरस मीटरपैकी नव्वद टक्के पाणी वाहून येते असे धरल्यास तासाला सुमारे १७,००० लिटर, म्हणजे सेकंदाला पावणेपाच लिटर पाणी पाइपपर्यंत पोहोचते. साठ फुटांत चार इंच म्हणजे १८० ला एक असा उतार झाला. या उतारावर चार इंची गुळगुळीत प्लास्टिकचा पाइप काठोकाठ भरून वाहिला तरी सेकंदाला पाच लिटरच्या आसपासच नेतो. सहा इंची, म्हणजे १६० मिलिमीटरचा पाइप त्याच उतारावर तेरा-चौदा लिटर नेतो. चार इंची पाइप कागदावर कसाबसा पुरतो. तळाशी बोटभर गाळ बसला, किंवा सर दीडपट जोराची आली, की पुरत नाही. आपल्याकडे तशी सर एका पावसाळ्यात अनेकदा येते. सहा इंची घ्यावा.

हार्डवेअरवाला
ताशी १०० मिलिमीटर दिवसभर पडत नाही, दहा-पंधरा मिनिटे पडते. तेवढ्यापुरते परसात दोन बोटे पाणी चढले तर काय बिघडले? सहा इंचीचा पाइप, त्याचे बेंड, त्याचे टी, सगळेच बरेच महाग पडते. उद्या ताई म्हणतील की दुकानदारांनीच पाणी मोठे करून दाखवले.

ओळंबा
तुमच्या पहिल्या वाक्याशी मी सहमत आहे. पण खोदाई, रेती आणि मजुरी दोन्ही पाइपना जवळपास सारखीच लागते, म्हणून फरक केवळ पाइपच्या किमतीचा राहतो. शिवाय उतार कमी असताना व्यास वाचवणे हा सर्वांत वाईट सौदा आहे. उतार भरपूर असता तर मीही चार इंची म्हटले असते. १०० ला एक उतार मिळाला असता तर तोच चार इंची पाइप पावणेसात लिटर न्यायचा.

जुना_चिरा
मग माझाही हिशेब मांडतो. फूटभर रुंद गटारात आठ इंच पाणी वाहिले तर याच उतारावर ते या सहा इंची पाइपच्या तिपटीहून अधिक पाणी नेते. हे अभियंतेसाहेबांनी नाकारून दाखवावे.

ओळंबा
नाकारत नाही, गिलावा गुळगुळीत असेल तर आकडा बरोबर आहे. गेटाखाली मात्र उघड्या गटारावर टँकर पेलणारे जाड काँक्रीटचे झाकण लागेल, आणि ते एका माणसाला उचलता येणार नाही.

परसदार
उघडे गटार नको आहे, कारण तेच आधी होते. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी वीज गेलेली असताना बाबा सरकलेल्या झाकणावर पाय पडून त्यात पडले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यानंतर मी ते बुजवून टाकले आणि तेव्हापासूनच परसात पाणी साचू लागले. म्हणून फक्त पाइपविषयी विचारले होते.

जुना_चिरा
क्षमस्व, ताई. हे माहीत असते तर मी आग्रह धरला नसता. बाबांची प्रकृती आता बरी असेल अशी आशा करतो. जुन्या गटाराची जागा तशीच असेल तर त्याच चरात पाइप टाकावा, नवे खोदकाम वाचेल आणि चिऱ्यांच्या भिंतींमुळे बाजूची माती ढासळणार नाही.

झुआरीकाठ
काळ्या पन्हळी पाइपविषयी कोणीच बोलले नाही. डीडब्ल्यूसी, म्हणजे दुहेरी भिंतीचा एचडीपीई पाइप, बाहेरून पन्हळी आणि आतून गुळगुळीत असतो. तो हलका असून बराच भार घेतो. आमच्या वसाहतीत तोच टाकला आहे आणि वरून गाड्या जातात. घेताना मात्र दोन्ही भिंती आहेत ना हे कापलेल्या टोकाकडून पाहावे. एकेरी भिंतीची लवचीक नळी आतूनही पन्हळी असते, तिच्या प्रत्येक वळीत गाळ बसतो. आणि भोके पाडलेला पाइप चुकून घेऊ नये. तो जमिनीतला ओलावा गोळा करण्यासाठी असतो, वाहते पाणी नेण्यासाठी नव्हे.

ओळंबा
डीडब्ल्यूसी चांगला आहे, पण त्याची ताकद भोवतालच्या दाबून भरलेल्या रेतीवर अवलंबून असते आणि इथे गेटाखाली नऊच इंच भर आहे. परसाच्या भागात तो चालेल. माझी पसंती विटकरी रंगाच्या भूमिगत पीव्हीसी पाइपला आहे, आयएस १५३२८ छापलेला. त्यात एसएन २, एसएन ४ आणि एसएन ८ असे कडकपणाचे प्रकार येतात. परसात एसएन ४ पुरेल. गेटाखालच्या दहा-बारा फुटांत एसएन ८ टाकून चारही बाजूंनी चार-पाच इंच काँक्रीट करावे. शेतीचा पाइप आतल्या पाण्याच्या दाबासाठी बनवलेला असतो. वरून येणाऱ्या चाकाच्या भाराचे आश्वासन त्यावर छापलेले नसते, म्हणून स्वस्त पडला तरी तो गेटाखाली नको.

हार्डवेअरवाला
गेटाखाली ह्यूम पाइपचा, म्हणजे काँक्रीटच्या पाइपचा, एक तुकडा टाकला तरी काम होते, त्यातला एनपी ३ हा प्रकार मागावा.

ओळंबा
होते, पण प्लास्टिक आणि काँक्रीट यांच्या सांध्यातून माडाची मुळे आत शिरतात. सांधे जितके कमी तितके बरे.

खाजनशेजारी
उशिरा वाचले. ओळंबा यांनी पहिल्याच उत्तरात विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही. रस्त्याकडचे गटार भर पावसात किती भरते आणि ते पुढे कुठे जाते? आपले गाव कोणते हे सांगायचे नसेल तर निदान जवळ खाडी आहे का एवढे सांगावे.

परसदार
गाव फोंडा तालुक्यात, कुंभारजुवे कालव्याच्या बाजूला आहे. गटार पुढे व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, मिळते आणि व्हाळ खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, जातो. गटार कधी रिकामे असते, कधी तुडुंब. त्याचा पावसाशी मेळ लागत नाही. गेल्या वर्षी दिव्याच्या अवसेच्या दुसऱ्या दिवशी पाऊस बेताचाच होता, तरी दुपारी दोन-तीन तास गटार काठोकाठ होते. नारळी पौर्णिमेलाही तसेच झाले. त्याआधीच्या आठवड्यात मात्र धो धो पाऊस होऊनही पाणी सरळ निघून गेले.

खाजनशेजारी
मेळ पावसाशी नाही, भरतीशी आहे. कालवा मांडवी आणि जुवारी यांना जोडतो, त्यामुळे भरतीचे पाणी दोन्हीकडून आत येते. भरती चढली की मानशीची, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाणी सोडायच्या मोरीची, दारे बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मिटतात आणि आतले पावसाचे पाणी ओहोटी लागेपर्यंत खाजनात, तिथून व्हाळात आणि शेवटी आपल्या गटारात तुंबते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, आणि नंतरचे एक-दोन दिवस, उधाणाची भरती असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढणारी. गटारी अमावास्येला गटार भरले यात विनोद असला तरी नवल नाही. अशा वेळी गटारातले पाणी पाइपच्या तोंडापेक्षा वर असेल तर सहा इंची काय आणि बारा इंची काय, पाणी बाहेर जाणार नाही. उलट गटाराचेच पाणी परसात येईल.

परसदार
म्हणजे पाइप टाकूच नये?

खाजनशेजारी
टाकावा. वर्षातले बहुतेक दिवस तो काम करील. शेवटच्या चेंबरमध्ये, म्हणजे पाइप साफ करण्यासाठी बांधतात त्या झाकणाच्या हौदात, गटारापाशी, एकाच दिशेने उघडणारी झडप बसवावी म्हणजे उलटे पाणी येणार नाही. पण झडप मिटलेली असताना पडणारा पाऊस परसातच राहील, त्याला जागा हवी. आपण लिहिले आहे की मातीचा भाग बागेकडे उतरतो. फरशीच्या त्या कडेला एक खाच ठेवली तर वर चढणारे पाणी घराकडे न येता दोन-तीन तास बागेत थांबेल. माडांना त्याचा त्रास होत नाही. तिथे शोषखड्डा मात्र खोदू नका. जुलैत विहीर हाताला लागते म्हणता, तेव्हा तो खड्डा आधीच भरलेला असेल.

ओळंबा
हे माझ्या हिशेबात नव्हते, आणि याने उत्तर बदलते. व्यास तोच ठेवावा. झडपेपाशी पाने अडकली तर ती मिटत नाही, म्हणून तिच्या आधी फूटभर खोल गाळाचा खड्डा असलेले चेंबर हवे. परसाच्या तोंडाशी दुसरे. वळण असेल तिथे काटकोनी बेंड न घालता ४५ अंशांचे दोन घालावेत.

कुळागर
गाळणीच्या टाकीतून गाळ...

परसदार
कुळागर, विहिरीचा नवा धागा काढा, मी नक्की वाचेन. बाकी सर्वांचे आभार. ठरवले ते असे: १६० मिलिमीटरचा विटकरी पाइप, परसात एसएन ४, गेटाखाली एसएन ८ आणि भोवती काँक्रीट, दोन चेंबर, शेवटी झडप, बागेकडे खाच. जुन्या गटाराच्या चरातच टाकते आहे. झडप फोंड्यात मिळाली नाही, ती मागवली आहे, पण पाइप उद्या येतो. गवंडी म्हणतो, चरात चिऱ्याचे तुकडे पसरून त्यावर पाइप ठेवू. ठेवू द्यावे का?

ओळंबा
नाही. चिऱ्याची टोके पाइपला रुततात. खाली चार इंच रेती, बाजूंनीही रेतीच, आणि वर माती थराथराने दाबून. पाइपचे रुंद तोंड परसाच्या दिशेला, म्हणजे उताराच्या वरच्या बाजूला ठेवावे.

हार्डवेअरवाला
आणि रबराच्या रिंगेला साबणाचे पाणी लावा. गवंडी खोबरेल किंवा ग्रीस लावायला निघेल, त्याला लावू देऊ नका.